पाचोळ्याची बेगमी

खत करायला मुख्य जिन्नस दोनच लागतात: वाळका पाचोळा आणि ओला, हिरवा कचरा. आपल्याकडची अडचण अशी, की ते एका वेळी हाताशी नसतात. पुणे, नाशिक, सातारा या बाजूला डिसेंबरात पानगळ लागते ती थेट चैत्रापर्यंत चालते. देशी बदाम तांबडालाल होऊन झडतो, मग सावर, कडुनिंब, पिंपळ, आणि उन्हं तापली की गुलमोहर. अंगण रोज झाडावं आणि रोज तेवढंच भरावं. जूनमध्ये पाऊस पडला की चित्र उलटं होतं. हरळी, आघाडा, टाकळा अंगावर येतात, कुंपणाची मेंदी दर पंधरा दिवसांनी कात्री मागते, लॉन असेल तर त्याचं गवत निघतं. तेव्हा पाचोळ्याचं मूठभर पानही घरात नसतं. ते मार्चमध्येच जाळून किंवा घंटागाडीत घालून झालेलं असतं.

परिणामी मार्चमध्ये घातलेला ढीग महिनोन्‌महिने जसाच्या तसा राहतो आणि ऑगस्टमध्ये घातलेला ढीग चार दिवसांत घाण मारतो. घरी खत करायचा नाद सोडून दिलेली माणसं मला बहुधा दुसऱ्या ढिगाने घाबरवलेली दिसतात. शेजारी नाक मुरडतात, चिलटं घरात येतात, आणि 'आपल्याला हे जमणारं नाही' असं ठरून जातं. चूक त्यांच्या हाताची नसते, पंचांगाची असते.

ढीग कुजवतात ते जिवाणू आणि बुरश्या. त्यांना कर्ब लागतो मुख्यतः ऊर्जेसाठी आणि नत्र लागतं शरीर बांधण्यासाठी. एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब असला की त्यांचं काम झपाट्याने चालतं. हिरव्या गवतात हे प्रमाण पंधरा-वीसला एक असतं, गाईच्या शेणात वीस-पंचवीसला एक, वाळक्या पानांत चाळीसपासून ऐंशीपर्यंत, आणि सुतारकामाच्या भुशात तीनशेच्याही वर. वाळकं पान एवढं नत्रहीन का? कारण झाड हिशेबी असतं. पान पिवळं पडायला लागतं तेव्हा झाड त्यातलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून नत्र फांदीत परत ओढत असतं. गळण्याआधी पानातलं साधारण निम्मं नत्र आणि स्फुरद अशा रीतीने वसूल होतं. खाली पडतो तो मुख्यतः कर्ब: सेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निन फोडायचं काम बुरश्यांचं आणि त्यांचा कारभार सावकाश. म्हणून नुसत्या पानांचा ढीग ओलसर ठेवला तरी मुरायला वर्षभर लागतं.

हिरव्या कचऱ्याचं दुखणं वेगळं. त्यात पाणी सत्तर-ऐंशी टक्के. गवताचा ढीग स्वतःच्या वजनाने दबतो, आतली हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. त्यांच्या हातून आंबूस आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारे वायू निघतात, जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ज्याला आपण 'कुजका वास' म्हणतो तो खरं तर हवा कोंडल्याचा वास असतो. त्यावर बाजारातलं 'कल्चर' ओतून फारसा उपयोग होत नाही. उपाय एकच, कोरडी पानं मिसळायची. पानं जास्तीचं पाणी शोषतात, मधे हवेच्या फटी ठेवतात आणि कर्बही पुरवतात.

तेव्हा मुद्दा साठवणीचा आहे. आगोटीला जशी पापड-कुरडया-मसाल्याची बेगमी होते तशी मार्चमध्ये पाचोळ्याची व्हायला हवी. ज्याला आपण 'बागेचा कचरा' म्हणून बाहेर काढतो तो पावसाळ्यातला सगळ्यात टंचाईचा माल आहे.

पण मार्चमध्ये आपण करतो काय, तर काडी लावतो. सकाळी साडेसहाला कुठल्याही जुन्या बंगल्यांच्या वसाहतीतून फिरून यावं, एखाद्या गेटाशी तरी धुमसणारा ढिगारा सापडतोच. पानं धडधडून पेटत नाहीत, ओलसरपणामुळे धुमसतात. धुमसण्यात जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड, बारीक धूलिकण, बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं धुरात जातात. पहाटेच्या थंड हवेत तो धूर वर न चढता कमरेच्या उंचीला रेंगाळतो, नेमका फिरायला निघालेल्या आजोबांच्या आणि शाळेच्या रिक्षाची वाट पाहणाऱ्या पोरांच्या नाकाशी. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपापल्या आवारात वेगळा ठेवायची जबाबदारी घरमालकावर टाकली. दंड भरलेला माणूस मात्र शोधावा लागेल.

जाळण्याचं समर्थन करणारे कोकणातल्या आणि मावळातल्या राबाचा दाखला देतात. भाताचा तरवा करायच्या जागेवर कवळाचे भारे, शेण, पाचोळा पसरून जाळायचे, म्हणजे तणाचं बी मरतं, राख मिळते आणि रोप जोमाने येतं. ती पद्धत भाताच्या रोपापुरती होती, तिला कारण होतं. गेटाबाहेरच्या ढिगाला काडी लावण्यामागे अंगण लवकर मोकळं व्हावं यापलीकडे काही नसतं.

गाडीत घालून पाठवलं तर? बागेचा कचरा हलका आणि फुगीर असतो. चार पोती पानांत वजन किती, पण गाडी भरते. डेपोवर तो ओल्या कचऱ्यात दबला की हवा बंद होऊन मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर उष्णता धरून ठेवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त ताकदीचा, शिवाय ज्वालाग्राही. मुंबईच्या देवनार डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली होती. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं अंगावर घेणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी तर आंदोलनं करून करून शहराला हा हिशेब समजावला आहे.

साठवण आणि मिश्रणाचं हे शास्त्र आपल्या हवामानातच बसवलं गेलं, हे फारसं सांगितलं जात नाही. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेचा प्रमुख होता. तिथे त्याने जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ मालावर त्याचं जे पुस्तक निघालं, त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी असतं, वाडांचं क्वचित निघतं. मराठी वाचकाने तरी ते लक्षात ठेवावं.

माळव्याचं हवामान आपल्या देशावरच्यासारखंच: आठ महिने कोरडे, चार ओले. म्हणून त्यांनी उन्हाळ्यात उथळ खड्डे वापरले, ओल टिकावी म्हणून. पावसाळ्यात तेच खड्डे पाण्याने भरतात, तेव्हा जमिनीवर ढीग घातले. हिरवं तण लगेच ढिगात न टाकता आधी कोमेजू दिलं. कापसाच्या पऱ्हाट्यांसारखा टणक माल शेताच्या रस्त्यांवर पसरून ठेवला. बैलांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी तो आयता चेचला जाई. मग थरावर थर, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, आणि ठराविक दिवसांनी उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार. परसात खत करणाऱ्याला आजही यात नवीन घालण्यासारखं थोडंच आहे. फाटकाच्या आत, मोटार उभी राहते तिथे आंब्याची चिवट पानं चार दिवस पसरून ठेवा, चाकं आपलं काम करतात.

उलथापालथ हेच ज्यांच्या जिवावर येतं त्यांच्यासाठी उत्तर विदर्भातून आलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' हे नाव पडलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, पण भिंतींत विटा सोडून सोडून केलेली भोकं. त्या भोकांतून हवा आपोआप खेळते, खत हलवावं लागत नाही. काडीकचरा, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेली माती, असे थर देत टाकं भरायचं आणि वरून लिंपून टाकायचं. चौदा-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त नव्वद-शंभर किलो. गोठा रिकामा होत चाललेल्या शेतकऱ्याला ही खरी सोय होती. तीन-चार महिन्यांत टाकं उपसायला येतं.

बंगल्यामागे एवढं टाकं कोणी बांधणार नाही, बांधूही नये. हवेच्या भोकांची कल्पना मात्र उचलावी. वेल्डमेशच्या दहा फूट जाळीचा गोल केला की तीन फुटांहून थोड्या जास्त व्यासाचा पिंजरा होतो. तीन-साडेतीन फूट उंच असला की पुरे. असे दोन पिंजरे हवेत. एक पाचोळा साठवायला, दुसरा खत करायला. जागा सावलीची बघावी, पण घराच्या भिंतीला लागून नको. कोरड्या पानांत उंदीर घर करतात आणि उंदरामागून साप येतो. हात घालण्याऐवजी दाताळं वापरलं की ही भीती राहत नाही.

साठवताना पान बघून घ्यावं. गुलमोहर, शेवगा, वर्षावृक्ष यांची बारीक पर्णिका हातोहात कुजते. त्यातला वर्षावृक्ष नत्रही बरं राखून असतो. आंबा, फणस, वड, खोटा अशोक यांची पानं मेणचट आणि जाड. ती चुरल्याशिवाय टाकली तर एकमेकांवर चिकटून थाळ्यांची चवड होते आणि पाणी खाली उतरत नाही. बांबूच्या पानात सिलिका भरपूर, तेही रेंगाळतं. नारळाची झावळी कोयत्याने वीतभर तोडून तळाला घालावी. तिची पोय आणि थोटूक यांच्या नादी लागू नये. पोत्यात भरून साठवायचं असेल तर पानं कडक वाळलेली हवीत आणि पोतं पावसाच्या आत पत्र्याखाली गेलेलं हवं.

पाऊस लागला की दुसऱ्या पिंजऱ्याचं काम सुरू. तळाला काटक्या, वर टोपलीभर पाचोळा, मग घमेलंभर हिरवं, पुन्हा पाचोळा. मापाने दोन ते तीन भाग कोरडं, एक भाग हिरवं. निर्माल्याची फुलं उत्तम, फक्त हारांचे दोरे आणि जरीच्या पट्ट्या काढून टाकाव्यात. दोरा लवकर कुजत नाही आणि पुढे दाताळ्याला गुंडाळून छळतो. दर थरावर शेणकाला, आंबट ताक किंवा मागच्या ढिगातलं खत शिंपडलं की विरजण पोचलं. ढिगावर ताडपत्री उतरती बांधावी. पाऊस सरळ पडू दिला तर तयार होणारं पोषण तपकिरी पाण्यावाटे गटारात जातं.

ओल किती, हे मुठीला कळतं. ढिगाच्या पोटातून मूठभर माल घेऊन घट्ट पिळावा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब दिसले, मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि टिचकीने फुटला, तर ठीक. धार लागली तर पाचोळा वाढवा. गोळा झालाच नाही आणि मुंग्यांची रांग हातावर चढली, तर पाणी कमी आहे. ढिगात मुंग्या आल्या म्हणून लक्ष्मणरेषा मारणारे लोक आहेत. बादलीभर पाणी ओतलं असतं तर मुंग्या आपण होऊन उठून गेल्या असत्या.

आठवडाभरात एक लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढून पाहावी. पिंजरा काठोकाठ भरलेला आणि मिश्रण जमलेलं असेल तर सळई हातात धरवत नाही, आत पंचावन्न ते पासष्ट अंश उष्णता गेलेली असते. एवढ्यात बहुतेक तणांचं बी आणि माशीच्या अळ्या मरतात. ढीग लहान असेल तर ऊब बाहेर निसटते आणि सळई कोमटच लागते. त्याने बिघडत काही नाही, वेळ जास्त जातो आणि बी मरेलच याची खात्री उरत नाही, एवढंच.

म्हणून लहान ढिगात काय टाकू नये हे कळलं पाहिजे. गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटलेलं चालतं, तेही हातमोजे घालून, कारण त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. फुललेलं नको. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या मुळ्या तर मुळीच नकोत. त्यांना ढीग म्हणजे रोपवाटिका. आधी गच्चीवर कडक उन्हात वाळवून काड्या कराव्यात, मग टाकाव्यात. शिजवलेलं अन्न, मटणाची हाडं, तेलकट खरकटं यांनी उंदीर-घुशींना निमंत्रण जातं.

ढीग निवला की त्यात वस्ती होते. गांडुळं बोलवावी लागत नाहीत, जमिनीतून वर येतात. सगळ्यात जास्त घबराट होते ती अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वेटोळ्या अळीने. शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे लगेच हुमणी उभी राहते. ओळखायची सोपी युक्ती आहे. अळी सपाट फरशीवर ठेवावी. ती उताणी होऊन पाठीवर सरपटत निघाली, पाय हवेत, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची. ती कुजका पालाच खाते आणि तिची लेंडी हे बारीक खतच असतं. खुशाल परत टाकावी. उताणी न सरपटता कुशीवर वळवळत पडली तर मात्र शंका घ्यावी. कोकणात, जिथे आवारात माड आहेत तिथे, गेंड्या भुंगा नेमका शेणखताच्या आणि कुजक्या पाल्याच्या ढिगात अंडी घालतो आणि पुढे माडाचा कोंब पोखरतो. तिथे ढीग मधूनमधून उपसून अळ्या वेचाव्यात. या अळ्यांना मारणारी मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खताच्या खड्ड्यात मिसळायची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. तिने खताचं काही बिघडत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर आणखी एक रस्ता आहे आणि मला स्वतःला तो जास्त पटतो. जे पान ज्या झाडाखाली पडलं ते तिथेच राहू द्यावं. आंब्याच्या आळ्यात, कुंपणाच्या बुंध्याशी चार-सहा इंच जाडीचं आच्छादन पसरावं, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून. एप्रिल-मेमध्ये त्याखालची माती हाताला गार लागते आणि पाणी निम्म्या वेळा घातलं तरी झाड तग धरतं. लॉन कापल्यावर गवताचे बारीक तुकडे तिथेच सोडावेत, त्यातलं नत्र त्याच लॉनला मिळतं. वाळवीची तक्रार येते. आच्छादनात ती मेलेली पानं खाते, जिवंत झाडाला सहसा हात लावत नाही. मात्र लाकडी दाराच्या चौकटीपर्यंत पाचोळा नेऊ नये. आड येतो तो झाडलोटीचा सोस. अंगण आरशासारखं लख्ख हवं आणि झाडाखाली उघडी, भेगाळलेली माती हवी, ही हौस बागेला महागात पडते.

ज्यांच्याकडे झाडं नाहीत, फक्त कुंड्या आणि स्वयंपाकघराचा ओला कचरा आहे, त्यांना नेमका पाचोळाच कमी पडतो. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या 'ब्राउन लीफ' उपक्रमाने ही देवघेव जुळवून दिली. ज्याच्या अंगणात पानं पडतात त्याने पोती भरायची, ज्याला हवीत त्याने घेऊन जायची. जाळण्याच्या लायकीची वस्तू लोक गाडी घेऊन न्यायला येतात म्हटल्यावर गेटाशी काडी लावणारा हात जरा थबकतो.

खत झालं की नाही हे बघायला स्वयंपाकघरातलं हळीव पुरतं. प्रयोगशाळांतही खताचा कच्चेपणा तपासायला हेच बी वापरतात, कारण ते झटकन रुजतं आणि त्रासदायक द्रव्यांना लगेच बिचकतं. एका वाटीत खत आणि माती निम्मी निम्मी, दुसरीत नुसती माती, दोन्हींत चिमूटभर हळीव पेरून ओलं ठेवावं. चार दिवसांत दोन्हीकडे सारखं हिरवं उगवलं तर खत बागेत न्यायला तयार. खताच्या वाटीतलं बी रुजलंच नाही किंवा पिवळट खुरटं राहिलं तर ढिगाला आणखी महिनाभर द्यावा. कच्चं खत कुंडीत घातलं तर आतले जिवाणू उरलेला कर्ब कुजवण्यासाठी मातीतलंच नत्र ओढतात आणि रोप उपाशी राहतं.

पिकलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. तो वास जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसात आणि पिकल्या ढिगात ते तयार करणारे जिवाणू एकाच कुळातले असतात. मूळ ढिगाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. पाव इंची चाळणीतून चाळून घ्यावा. वर राहतील त्या काड्या, फणसाच्या पानांचे देठ, आंब्याच्या कोयी या न कुजलेल्या मालाला बुरशीचे धागे चिकटलेले असतात, म्हणून पुढच्या ढिगाच्या तळाला तोच घालावा. सप्टेंबरअखेर हे चाळणं झालं की खत वांगी, टोमॅटो, मेथीच्या हिवाळी वाफ्यांना वेळेवर मिळतं, आणि डिसेंबरात पुन्हा पानं पडायला लागतात तेव्हा साठवणीचा पिंजरा रिकामा असतो.